मूल पाहण्याची विद्या : कै. ताराबाई मोडक

जून महिना लागला की आमच्या सोलापुरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची व दुसरी शाळेची. पैकी पाऊस या जिल्ह्यास अनेकदा फसवितो. शाळा मात्र ठरल्या दिवशी उघडते. नवी पेठेत वह्यापुस्तकांच्या दुकानांसमोर जी गर्दी उसळते तीत अलीकडे अडीच-तीन वर्षांची, अजून आईच्या कडेवरून न उतरलेली मुलेही दिसू लागली आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या परिचयाच्या एका भुसारी व्यापाऱ्याच्या दुकानी आम्ही सहज बसलो होतो. त्यांनी आपल्या साडेतीन वर्षांच्या चिरंजीवास गादीवर उभे केले व इंग्रजी मुळाक्षरे म्हणून दाखविण्याची आज्ञा केली. बिचाऱ्याने अर्ध्यापर्यंत मजल मारली. मग त्याचे लक्ष कोपऱ्यात टांगलेल्या, आजोबांच्या वेळच्या पितळी तराजूकडे गेले. (काटा आता विजेचा आला आहे, पण जुना तराजू शुभ म्हणून ठेविला आहे.) पोरगा गादीवरून उतरला, त्याने एका पारड्यात अच्छेराचे वजन ठेविले, दुसऱ्यात आपला बूट ठेविला, आणि पारडे कोणीकडे जाते ते टक लावून पाहू लागला. मग दुसराही बूट टाकला. वडिलांनी त्यास दरडावून परत गादीवर बसविले व आमची क्षमा मागितली. आम्हांस मात्र असे वाटले की, मुळाक्षरे हे प्रदर्शन होते आणि अभ्यास जो काय चालला होता तो तराजूपाशी चालला होता.

हे गृहस्थ मुलाचे शत्रू खास नव्हेत. त्यांनी आम्हांस जो प्रश्न केला तो मनापासून केला. एक शाळा म्हणते तिसऱ्या वर्षी लिहावयास बसवा, दुसरी म्हणते नुसते खेळू द्या. छापील पत्रके दोघींचीही गुळगुळीत कागदावर आहेत. तर खरे कोणाचे, हे बापाने ओळखावे कसे? प्रश्न रास्त आहे. सुताचा नंबर तपासल्यावाचून जो पेढीवर गठ्ठा उतरवून घेत नाही, त्याने पोटच्या पोराच्या बाबतीत नुसत्या पत्रकावर का विसंबावे? परंतु सूत तपासण्याची रीत ठाऊक आहे, मूल तपासण्याची रीत ठाऊक नाही. किंबहुना अशी काही रीत असते हेच पुष्कळांच्या गावी नाही. ती रीत आहे. महाराष्ट्रात एका बाईने आपल्या आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे तीपायी वेचली. त्या बाई म्हणजे कै. ताराबाई मोडक. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते, जयंतीस हारही पडतो. पण त्यांनी शोध कसा केला हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे एक कार्यकर्ते होते. मुलीस शिकवावे की न शिकवावे हा वादच ज्या घरी संभवत नव्हता अशा घरी त्या वाढल्या व १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२१ मध्ये तो संबंध कायद्याने संपला. त्या काळी हिंदू घरातील सुशिक्षित स्त्रीने एवढे पाऊल टाकणे म्हणजे काय होते, हे वाचकांनी स्वतःच्या घरातील आजी-पणजींच्या हकिकतींवरून ताडावे. आम्ही त्यात शिरत नाही. यानंतर राजकोट येथे स्त्री-शिक्षिकांना तयार करणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. पगार चांगला, मान मोठा, संस्थान सुखाचे. तेथेच त्या राहिल्या असत्या तर एक कर्तबगार प्राचार्या म्हणून दोन ओळींत त्यांचा उल्लेख झाला असता.

पण जवळच, भावनगर येथे, एक वेगळाच प्रयोग चालला होता. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ति या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. घरी मुलगा झाला, त्याला कसे शिकवावे या काळजीत पुस्तके धुंडाळता धुंडाळता इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे लेखन हाती आले, आणि वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली त्यांनी बालमंदिर उघडले. १९२३ साली ताराबाई तेथे दाखल झाल्या. प्रमुखपद सोडून लहान मुलांच्या शाळेत येणे हे व्यवहारी माणसास उलटा व्यापार वाटेल. त्या वेळीही तसेच वाटले असणार.

येथे थोडे आडवळण घेणे अवश्य आहे, कारण भावनगरास जे चालले होते त्याचे मर्म त्यावाचून ध्यानी येणार नाही. मूल हे शास्त्रीय निरीक्षणाचा विषय होऊ शकते ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. डार्विनसाहेबांस १८३९ मध्ये पहिला मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हालचालींची टिपणे ठेविली व ती १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. १८८२ मध्ये जर्मनीतील प्रायर या प्राध्यापकाने आपल्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांतील रोजच्या नोंदींवरून एक ग्रंथच लिहिला. त्याच सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी निराळी युक्ती केली. एकाच मुलास दीर्घकाळ पाहण्याऐवजी त्यांनी बॉस्टन शहरातील शाळेत नव्याने येणाऱ्या पुष्कळ मुलांस तेच तेच साधे प्रश्न विचारविले, आणि १८८३ मध्ये दाखवून दिले की, जी गोष्ट मुलांना अर्थातच ठाऊक असेल असे मास्तर धरून चालतात ती अनेक मुलांनी पाहिलेलीसुद्धा नसते. ज्या मुलाने गाय पाहिलेली नाही त्याला गायीचा धडा शिकविला जातो! आणि १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत डॉ. माँटेसरी यांनी तिसराच मार्ग काढला. त्यांनी खोलीतली मांडणी बदलली. बाके काढली, मुलाच्या हाती येईल अशा उंचीवर साहित्य ठेविले, आणि मोकळे सोडलेले मूल काय उचलते, कितीदा तेच ते करते, केव्हा थांबते, हे पाहिले. शिक्षक बोलणारा होता तो पाहणारा झाला.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगता येईल. पेढीवर आधी रोजकीर्द असते, मग खतावणी होते, मग ताळेबंद निघतो. आधी ताळेबंद ठरवून मागाहून रोजकीर्द भरणारास आपण काय म्हणतो ते येथे लिहावयास नको. पण बालशिक्षणात सर्रास हेच चालते. मूल मठ्ठ आहे, हट्टी आहे, चंचल आहे, हा ताळेबंद आधीच तयार. रोजच्या नोंदीचे पान मात्र कोरे. मूल हट्टी आहे ही नोंदच नव्हे, तो निकाल आहे. नोंद म्हणजे असे, की अमक्या वेळी मुलाने अमकी वस्तू मागितली, आई तेव्हा चुलीपाशी होती, तिने एकदा नाही म्हटले, दुसऱ्यांदा उत्तरच दिले नाही, मूल इतका वेळ रडले, आणि आजोबांनी वस्तू न देता नुसते जवळ घेतल्यावर थांबले. अशी वीस पाने जमली की मग वस्तूचा हट्ट होता की आईच्या लक्षाचा, हे हळूहळू दिसू लागते. ताराबाईंनी पुढे बालकांच्या हट्टावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जो विषय मोठी माणसे एका धपाट्यात निकालात काढतात त्यावर पुस्तक लिहिण्याइतके पाहण्यासारखे असते, ही दृष्टी भावनगरची.

भावनगरात शिक्षण आणि प्रसार दोन्ही एकदमच चालले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई व ताराबाई मिळून गुजराती शिक्षणपत्रिका चालवीत. १९३३ पासून मराठीतही शिक्षणपत्रिका निघू लागली. मराठी आईबापांस बालकाविषयी अडाणी सल्ल्याऐवजी पाहिलेल्या गोष्टी वाचावयास मिळाव्यात, ही सोय आपल्या भाषेत प्रथम या पत्रिकेने मोठ्या प्रमाणावर केली. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे बालमंदिर होते व शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिरही होते. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. माँटेसरी हिंदुस्थानात आल्या व युद्धामुळे कित्येक वर्षे येथेच अडकून पडल्या. त्यांचे वर्ग भरू लागले, त्यांची पद्धती हा शहरांतून एक प्रतिष्ठेचा विषय होऊन बसला. दादरचा शिशुविहार नावारूपास आला होता. शिकलेल्या मध्यमवर्गाची मुले येत, पालक सभांना येत, सर्व सुरळीत होते.

आमच्या मते ताराबाईंचे मोठेपण येथून पुढे सुरू होते. धान्याचा जाणता खरेदीदार पोत्याच्या तोंडाशी दिसणारे दाणे पाहून भाव करीत नाही. तो पोत्यात सळई खुपसून आतले दाणे काढून पाहतो. दादरची मुले म्हणजे पोत्याच्या तोंडाशी दिसणारे दाणे. त्यांच्यावरून हिंदुस्थानचे मूल असे असते, असे म्हणता येणार नाही. माँटेसरीचे साहित्य महाग, ते ठेवावयास खोली हवी, आणि मुलास न्हाऊ घालून वेळेवर पोचविणारी आई हवी. ज्या घरी यांपैकी काहीच नाही तेथे ही पद्धती टिकते की केवळ श्रीमंतीचा अलंकार ठरते, हे पाहिल्यावाचून पद्धती चांगली आहे असे म्हणण्याचा हक्क आपल्यास पोचत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. गांधीजी त्याच वेळी नयी तालीम ही केवळ शाळकरी वयापुरती नव्हे, तर अगदी बाल्यापासून असावी, असे मांडीत होते. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीस गेल्या. त्या वयात पुष्कळ लोक पेन्शनीचे हिशेब करतात.

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात. आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे हे गाव आधीच प्रसिद्ध होते. पण गावाच्या एका अंगास बागाईतदार तर दुसऱ्या अंगास हरिजनवाडा, आणि भोवतालच्या रानात वारली. त्याच १९४५ साली त्या टापूतील वारल्यांनी गोदावरीबाई परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वेठीविरुद्ध लढा उभारिला होता. ज्या मुलूखात मोठ्या माणसाचा दिवसही त्याच्या मालकीचा नव्हता तेथे मुलाच्या स्वातंत्र्याची शाळा काढावयाची, असा हा बेत होता. सोबत मिळाल्या त्या अनुताई वाघ. या पुण्याकडच्या शिक्षिका, बालवयातच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई जन्माच्या सहकारी झाल्या.

ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. जागा मिळाली, बाई हजर, साहित्य मांडलेले. मुले मात्र पाहिजेत तशी येईनात. संशोधनाची खरी कसोटी अशा वेळी लागते. सामान्य संस्था येथे एक अहवाल लिहिते, त्यात पालकांचे अज्ञान हे कारण देते, आणि अनुदान मागते. ताराबाई व अनुताईंनी उलट धरले. मूल न येणे ही मुलाची चूक नसून आपल्या मांडणीविषयीची एक माहिती आहे, अशा दृष्टीने त्या वस्तीत हिंडू लागल्या, आणि घरोघर जाऊन दिवस कसा जातो ते पाहू लागल्या. आई पहाटे कामास जाते. मोठी बहीण, म्हणजे सात वर्षांची, धाकट्याला काखेस मारून बसलेली. अंगावर कपडा नाही म्हणून लाज. वाडा ओलांडून वरच्या आळीत जावयाचे म्हणून भीती. आणि ती भीती निराधार नव्हती, कारण शिवाशीव गावात जिवंत होती.

यावरून जे बदल झाले ते दिसावयास साधे आहेत. मूल केंद्राकडे येत नाही तर केंद्र मुलाकडे न्यावे, म्हणून वस्तीतच कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, मुलांच्या सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीतून अंगणातल्या बालवाड्या, अशी जोडणी झाली. शाळेचे पहिले काम आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हे ठरले. दादरला हे काम घरी झालेले असे, म्हणून ते शिक्षणात मोडते हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. परदेशी साहित्याच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काड्या, बांबूची कांडकी आली. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरखरीत हा भेद बोटांना शिकवावयाचा तर तो समुद्रकाठच्या शंखांनीही शिकविता येतो. त्यासाठी युरोपातून पेटी मागविण्याचे कारण नाही. पण हेही नुसते काटकसरीचे धोरण समजू नये. साहित्य स्वस्त झाले तरी त्यामागचा हेतू शाबूत राहिला की नाही, मूल त्याच्याशी तितकेच रमते की नाही, हे पुन्हा पाहावेच लागे. स्वस्त माल आणि वाईट माल यांतला भेद व्यापाऱ्यास सांगावयास नको.

बोर्डीचा काळ चालू असतानाच १९४६ पासून काही वर्षे ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. तो भाग आम्ही उल्लेखापुरताच घेतो; त्यांचे मन तेथे नव्हते असे आम्हांस वाटते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून काही मैलांवरील कोसबाडच्या टेकडीवर हलविले गेले. आता थेट वारल्यांच्या पाड्यांशी गाठ होती आणि बोर्डीस जमलेले उत्तर येथे पुरे पडेना. पाडे विखुरलेले, शाळेच्या वयाचा मुलगा रानात गुरांमागे, मुलगी घरी तान्ह्यामागे. मुलगी शाळेत यावी असे वाटत असेल तर आधी तिच्या काखेतले मूल कोणीतरी घेतले पाहिजे. हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणिली, आणि त्यास विकासवाडी असे नाव दिले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, आणि सर्व एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. मुलगी शाळा का सोडते याविषयी पुढे शेकडो अहवाल लिहिले गेले; कोसबाडास त्याचे एक उत्तर काखेतल्या मुलाच्या वजनावरून मिळाले होते.

गुराख्यांचा प्रश्न याहून अवघड. गुरे शाळेत आणता येत नाहीत आणि गुरे सोडून मूल येत नाही. तेव्हा शिक्षकच कुरणात गेला. हीच ती कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत पाटी, मोजावयास खडे, शिकावयास भोवतालचे गवत, पाखरे, ढग. एखादे ढोर शेतात शिरू लागले की एक विद्यार्थी उठून त्यास हाकून येई व पुन्हा बसे. हे वर्णन वाचून शहरी वाचकास गंमत वाटेल. पण त्यातली शिस्त पाहावी. मुलाच्या जीवनातील जी गोष्ट बदलता येत नाही ती गृहीत धरावयाची आणि जी बदलता येते ती, म्हणजे शाळा, बदलावयाची. मग मूल टिकते का ते पाहावयाचे. न टिकल्यास पुन्हा बदलावयाचे. मुलांच्या बोलीतले शब्द, त्यांचे नाच, त्यांची गाणी यांनाही शाळेत जागा मिळाली. कारण पाड्यावर बोलकी असणारी मुले पुस्तकी मराठीपुढे आली की मुकी होतात, हे तेथे राहणारास रोज दिसत होते.

आता प्रामाणिकपणे उणे काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे आरती होईल. ताराबाईंच्या कामात आकड्यांची बाजू लंगडी आहे. बालवाडीत आलेली मुले व न आलेली मुले अशा दोन बरोबरीच्या तुकड्या करून पुढे त्यांचे काय झाले हे वर्षानुवर्षे मोजण्याची जी रीत आहे ती त्यांनी अवलंबिलेली नाही. या रीतीचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील इप्सिलांटी गावचे. तेथे १९६२ पासून गरीब निग्रो घरांतील एकंदर १२३ मुले घेऊन, त्यांपैकी ५८ मुलांस बालशाळा दिली व ६५ मुलांस दिली नाही. आणि मग ती चाळिशीस येईपर्यंत त्यांचा माग ठेविला. बालशाळेत गेलेल्यांचे पुढील शिक्षण व कमाई सरस ठरली, आणि बालशिक्षणावरील खर्च बुडीत नसून भांडवल आहे असे म्हणावयास अर्थशास्त्र्यांस आधार मिळाला. असा आधार कोसबाडाने दिला असता तर सरकारदरबारी त्याचे वजन कितीतरी वाढले असते. मात्र दोन्ही रीतींचे प्रश्न वेगळे आहेत हे विसरू नये. शाळेचा उपयोग झाला का, हे मोजणीने कळते. मूल दारातूनच परत का गेले, हे मोजणीने कळत नाही. त्यासाठी कोणीतरी त्याच्यामागून त्याच्या घरापर्यंत चालत जावे लागते. आमच्या देशात पहिल्या रीतीचे पदवीधर पुष्कळ झाले. दुसऱ्या रीतीने चालत जाणारे मोजकेच.

१९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी काम थांबू दिले नाही. १९९२ मध्ये स्वतःच्या अखेरीपर्यंत त्या कोसबाडासच होत्या. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने बालविकासाची जी देशव्यापी योजना काढली तिच्या गावोगावच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज खेड्यापाड्यांतील आयांच्या तोंडी हा शब्द आहे. तो बोर्डीच्या अंगणातून निघालेल्या वाटेवरचा आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते. शब्द गेला तितक्या वेगाने पद्धती गेली नाही. मुलाचे वजन टिपले जाते, खाऊ टिपला जातो, हजेरी टिपली जाते. हे सर्व हवेच. पण मुलाने आज काय केले, काय विचारले, कशापाशी किती वेळ बसले, या नोंदीस सेविकेपाशी वेळ उरत नाही; कारण इतर कागदांचा भार तिच्यावर आहे. दोष तिचा नाही.

सोलापुराचा या सर्वांशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते निकटचा आहे. बालशिक्षण या शहरास अपरिचित नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे किंडरगार्टन चालविले होते. पण या शहराचे मूल दादरच्या मुलासारखे नाही, आणि कोसबाडच्याही नाही. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तरी यंत्रमागांची खटखट चालूच आहे. पूर्व भागात हजारो घरांत आई सुपात तंबाखू-पाने घेऊन विड्या वळते आणि शेजारी मूल तिच्या हाताकडे पाहत असते. ते मूल घरी तेलुगू बोलते. होटगी रस्त्याकडचे दुसरे कानडी बोलते, तिसऱ्या पेठेतले उर्दू. हे मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या शाळेत जाते तेव्हा बाई मराठी बोलतात आणि फळ्यावर इंग्रजी असते. ते गप्प बसते. गप्प बसले की त्याच्या नावापुढे मंद हा शेरा पडतो. आता हे मूल खरोखर मंद आहे, की त्यास शब्द कळले नाहीत, की विड्यांच्या धुरळ्यात वाढल्याने त्याची प्रकृती क्षीण आहे, की केवळ बाई नवी म्हणून ते बिचकले आहे, हे ठरविण्यास आमच्यापाशी काय साधन आहे? अंदाज पुष्कळ आहेत, नोंदी नाहीत. हॉल यांनी बॉस्टनच्या मुलांस जे विचारविले ते आमच्या पेठांतील मुलांस, त्यांच्या घरच्या भाषेत, कोणी विचारले तर काय निघेल? धडपडून पडलेले मूल कोणत्या भाषेत रडत आईस हाक मारते, एवढी एक गोष्ट प्रत्येक बालवाडीने टिपली तरी पहिल्या महिन्यातील निम्मे शेरे खोडावे लागतील, असा आमचा अदमास आहे. अदमासच; नोंद नव्हे.

यास पैसा फारसा लागत नाही. बालवाडीस एक वही, बाईस दिवसातील वीस मिनिटे निव्वळ पाहण्यासाठी, आणि त्या वीस मिनिटांत तिच्या जागी मुलांपाशी बसणारे दुसरे कोणीतरी. आमच्या शहरातील व्यापारी मंडळी शाळांस पंखे देतात, दारावर नावाची फरशी बसविली जाते. त्यात गैर काही नाही. पण एखाद्या दात्याने पंख्याबरोबर एक मदतनीस बाईचा पगार दिला, आणि बदल्यात फरशीऐवजी वर्षाअखेर ती वही वाचावयास मागितली, तर आम्हांस तो दाता अधिक हिशेबी वाटेल. महापालिकेच्या शिक्षण मंडळींनीही आपल्या बालवाड्यांपैकी चार-पाच निरनिराळ्या भाषांच्या वस्त्यांतल्या निवडून एक वर्ष हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय एका पायरीत धरले आहे व घरच्या भाषेस मान दिला आहे; तेव्हा वरून अडविणारे कोणी नाही.

आमचे ते भुसारी स्नेही काल पुन्हा भेटले. ज्या शाळेत मुलाचे नाव घालावयाचे आहे तेथे काय विचारावे, असे त्यांनी पुसले. आम्ही तीनच गोष्टी सांगितल्या : मुलाने दिवसभरात आपणहून काय उचलले हे कोणी लिहून ठेविते काय, मूल आले नाही तर कोणी घरी येऊन पाहते काय, आणि घरी ते ज्या भाषेत बोलते त्या भाषेत एक तरी शब्द बाई त्याच्याशी बोलतात काय. त्यांनी ते जमाखर्चाच्या वहीच्या मागील पानावर टिपून घेतले. पितळी तराजू मात्र खाली, पोराच्या हातास येईल असा, टांगलेला आम्हांस दिसला. शाळेकडून काय उत्तर मिळते ते कळताच वाचकांस कळवू.